कुलाब्याचे चुंबकीय दफ्तर

पेशवे दफ्तराच्या रुमालांतून मराठेशाहीच्या जमाखर्चाचा, मोहिमांचा आणि तहनाम्यांचा तपशील निवडून काढण्यात आमच्या इतिहाससंशोधकांच्या पिढ्या खपल्या, आणि त्या श्रमांचे ऋण मराठी वाचक आजही कृतज्ञतेने मानतो. परंतु पेशवाई बुडाल्यास जेमतेम आठ वर्षे लोटली होती अशा काळी, १८२६ साली, मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे कंपनी सरकारने एक वेधशाळा उभी केली, आणि तेथे कालांतराने असे एक दफ्तर साठत गेले की ज्यात ना कोणाच्या वतनाचा दाखला सापडतो ना कोणत्या लढाईची बातमी. त्यात आहे ती टांगलेल्या लोहचुंबकाने कोणत्या वेळी किती मान वळवली याची नोंद, आणि तीही दिवसरात्र, वर्षानुवर्षे, अखंड. या दुसऱ्या दफ्तराची योग्यता पहिल्याहून तिळभरही उणी नाही असे माझे मत आहे. ते लिहिणाऱ्यांस आपण काय लिहीत आहो याचा अर्थ ठाऊक नव्हता, तो कळावयास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली, आणि तरीही त्यांनी एकही रकाना कोरा ठेवला नाही, म्हणून मला ते विशेष आदरणीय वाटते.

वेधशाळेचा मूळ हेतू अगदी व्यावहारिक होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना आपली कालमापक घड्याळे अचूक लावून घेता यावीत, कारण समुद्रावर रेखांश काढण्यास बिनचूक वेळेवाचून गती नाही, एवढ्यासाठी आकाशस्थ ताऱ्यांचे वेध घेऊन मुंबईची वेळ ठरविणे हे तिचे नेमलेले काम. कुलाबा हे त्या वेळी स्वतंत्र बेट होते. १८३८ साली मुंबई बेटाशी त्याला जोडणारा रस्ता बांधून पुरा होईपर्यंत भरतीच्या वेळी होडीनेच तिकडे जावे लागे. त्या एकाकी जागेत ज्योतिषविषयक कामाला म्हणावी तशी बरकत आली नाही, आणि सर्व काही तसेच चालते तर मुंबईच्या इतिहासात या वेधशाळेला एका ओळीपलीकडे जागा मिळाली नसती.

तिचे भाग्य पालटले ते १८४१ साली. जर्मनीत गॉटिंगेन येथे गाउस आणि वेबर या दोन थोर पंडितांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन निश्चित पद्धतीवर आणले होते, आणि निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी एकाच ठरलेल्या क्षणी वाचने घेऊन ती ताडून पाहावीत असा संघ स्थापन केला होता. त्याचे महत्त्व ओळखून इंग्लंडातील विद्वत्सभांनी आपल्या सरकारकडे अशी ठाणी जगभर वसविण्याचा आग्रह धरला. सरकारने टोरोंटो, सेंट हेलिना, केप आणि होबार्ट येथे वेधशाळा उभारल्या. कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे पत्करली. यांपैकी बहुतेक ठाणी पुढे बंद पडली किंवा त्यांच्या नोंदींत खंड पडला. मुंबईची नोंद मात्र चालू राहिली.

मुंबईस या कामाची उभारणी एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हातून झाली, आणि येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे दोन पुरुष भेटतात. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची व्यवस्था होती, आणि पुढे पुण्यात गणिताचे अध्यापन करून ज्यांनी टिळकांसारखा शिष्य घडविला ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, ऐन तारुण्यात येथेच साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथील कामात मुरले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचणाऱ्या या गणितज्ञाची वेधाची शिस्त कुलाब्याच्या त्या खोल्यांत घडली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

ते काम होते तरी कसे? तीन गोष्टी मोजावयाच्या असत: चुंबक खऱ्या उत्तरेपासून किती ढळतो ते, पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग किती आहे तो, आणि ऊर्ध्व भाग किती आहे तो. यांपैकी क्षितिजसमांतर भाग मोजण्याची युक्ती फार सुंदर आहे. एक चुंबक दोन समांतर धाग्यांनी टांगावयाचा आणि धाग्यांना वरून पीळ देऊन त्याला बळेच पूर्व-पश्चिम धरावयाचा. पृथ्वी त्याला उत्तरेकडे ओढते, पीळ त्याला विरोध करतो, आणि पृथ्वीचे बल रेसभर कमी-अधिक झाले तरी तो तोल हलून चुंबक किंचित फिरतो. चुंबकाला लहानसा आरसा जडवलेला. दूर अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी. दुर्बिणीतून आरशात पाहिले की मोजपट्टीवरचा कोणता आकडा दुर्बिणीतील तारेसमोर आला ते दिसे आणि वहीत उतरे. लोखंड जवळपास फिरकू द्यावयाचे नाही हा पहिला नियम; उष्णतेने चुंबकाचे बळ बदलते म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर तापमान लिहावयाचे हा दुसरा. पावसाळ्याच्या दमट रात्री, दिव्याच्या उजेडात, ठरल्या मिनिटाला डोळा दुर्बिणीस लावून बसणारा साहाय्यक हा त्या दफ्तराचा खरा कारकून होय.

अशा या दफ्तरात १८५९ च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेची नोंद आहे. आदल्या दिवशी, १ सप्टेंबरला, इंग्लंडात सरे परगण्यातील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास एका मोठ्या डागसमूहावर दोन अतितेजस्वी पांढरे ठिपके उमटून काही मिनिटांतच मावळलेले त्याला दिसले; रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तोच प्रकार स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. क्यूबा आणि हवाई येथवर ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांमधील तारायंत्रे बॅटरी काढून टाकल्यावरही केवळ तारांत उत्पन्न झालेल्या प्रवाहावर चालली. ग्रीनिच आणि क्यू येथील छायालेखक यंत्रे त्या काळी सर्वांत सुधारलेली. पण चुंबक इतका फिरला की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला आणि ऐन वादळाचा भाग अलिखित राहिला. मुंबईस असली यंत्रे अद्याप आली नव्हती, तेथे माणूस डोळ्यांनी वाचीत होता, आणि म्हणूनच वादळ चढत असता वाचने काही मिनिटांच्या अंतराने घेतली गेली व ती टिकली. २ सप्टेंबरच्या दुपारपूर्वी कुलाब्याचे क्षितिजसमांतर बल अकस्मात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले, म्हणजे एकूण बलाच्या शेकडा चार अंशांहून थोडे अधिक. आणि एरवी दिवसभरातील चढउतार काही दशक नॅनोटेस्लांपलीकडे जात नाही हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साहाय्यकाने मोजपट्टीवर जे पाहिले त्याच्या विलक्षणतेची कल्पना येते. उष्ण कटिबंधातील ठाण्यात एवढी घट त्या दिवसापूर्वी किंवा नंतर नोंदलेली नाही.

सूर्यावरचा उद्रेक आणि पृथ्वीवरचे वादळ यांचा कार्यकारणसंबंध असावा असे अनुमान कॅरिंग्टनने सुचविले, पण फार सावधपणे. तो संबंध मान्य होण्यास पुष्कळ अडचणी होत्या, आणि त्यांतील सर्वांत मोठी अडचण साक्षात लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून मांडली: सूर्य हा एक प्रचंड चुंबक मानला आणि त्याच्या बदलाने पृथ्वीवर वादळ होते असे धरले, तर त्यासाठी सूर्याला इतके कार्य खर्चावे लागेल की ती गोष्ट अशक्य कोटीतील ठरते. गणित बरोबर होते. सूर्याकडून पृथ्वीपर्यंत मधला सर्व अवकाश रिकामा आहे, हे त्याच्या मुळाशी असलेले गृहीत चुकीचे होते.

इकडे मुंबईत वेधशाळेवर वेगळेच संकट आले. चार्ल्स चेंबर्स यांच्या मागे १८९६ साली नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय, आणि योगायोग असा की त्यांचा जन्म त्या महावादळाच्याच, १८५९ सालचा. शतक उलटताच मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचा विचार पक्का होऊ लागला. विजेच्या ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहतो आणि त्याने आसमंतातील नाजूक चुंबक बिथरतो. म्हणजे शहर किंवा वेधशाळा, दोहोंपैकी एकाने माघार घेणे प्राप्त होते. असल्या प्रसंगी विद्येने निमूटपणे पाय काढावा आणि दफ्तर बांधून ठेवावे असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. मूस यांनी तसे होऊ दिले नाही. खाडीपलीकडे सुमारे ३० किलोमीटरांवर, पूर्वी आंग्र्यांच्या अंमलाखाली असलेल्या अलिबाग गावी, जेथे ट्राम येण्याचा संभव नव्हता अशा समुद्रकाठच्या जागेवर, चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून नवी वेधशाळा बांधविली. आणि ज्यामुळे या माणसाविषयी माझ्या मनात नितांत आदर वसतो ती गोष्ट ही की १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने चालू ठेविली, दोहोंतील फरक निश्चित केला, आणि मगच कुलाब्याचा चुंबक उतरविला. विजेची ट्राम १९०७ साली धावली. जुन्या दफ्तराची अखेरची बाकी नव्या दफ्तरात बिनचूक ओढून घेतल्यामुळे मालिकेचा सांधा कोठे आहे हे आकड्यांवरून कळू नये इतके ते काम नेटके झाले.

१९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या सर्व नोंदी दोन खंडांत छापून काढल्या. त्या नुसत्या कोष्टकांच्या जंत्र्या नव्हत. वादळ ज्या घटकेस सुरू झाले तेथपासून तास मोजावयाचे, घड्याळाची वेळ बाजूस ठेवावयाची, आणि अनेक वादळांची सरासरी काढावयाची ही रीत त्यांनी अवलंबिली. तीतून वादळाचा एक नियमित स्वभाव स्पष्ट झाला: आरंभी बल किंचित वाढते, मग काही तासांत खोल उतरते, आणि त्यानंतर दिवसेंदिवस सावकाश पूर्वपदास येते. पुढे सिडनी चॅपमन यांनी जी वादळांची मीमांसा उभारली तिच्या पायाशी मुंबईचे हे काम आहे.

परंतु बल उतरते ते का? याचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचे मध्य उलटावे लागले, आणि ते उत्तर ज्या घटनेत आहे तिला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा अवकाश प्लाझ्माने, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांच्या आणि आयनांच्या अतिविरळ वायूने भरलेला आहे. त्यात विद्युत्प्रवाहाला रोध जवळजवळ नसतो, आणि त्यामुळे, असे हान्नेस आल्फवेन यांनी १९४२-४३ च्या सुमारास दाखविले, चुंबकीय बलरेषा त्या वायूत जणू जखडलेल्या राहतात. वायू जाईल तिकडे त्या जातात. या नियमाचा एक निष्कर्ष असा की सूर्याकडून येणारा प्लाझ्मा आपले क्षेत्र बरोबर आणतो, पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा पृथ्वीच्या क्षेत्राला धरून असतो, आणि दोघे एकमेकांवर आदळले तरी एकमेकांत शिरू शकत नाहीत. नियम सर्वत्र आणि सर्वकाळ खरा असता तर पृथ्वी आपल्या चुंबकीय कोटात कायमची सुरक्षित राहिली असती आणि कुलाब्याचा चुंबक जागचा हलला नसता.

नियमाला अपवाद आहे तो नेमका तेथे, जेथे परस्परविरुद्ध दिशेची दोन क्षेत्रे समोरासमोर दाबली जातात. त्यांच्यामध्ये विद्युत्प्रवाहाचा एक पातळ पापुद्रा तयार होतो; दाब वाढत गेला की तो इतका पातळ होतो की कणांच्या स्वतःच्या भ्रमणाच्या त्रिज्येशी त्याची जाडी येऊन ठेपते; आणि तेथे कणांना क्षेत्राबरोबर फिरणे जमत नाही, जखडण सुटते. मग अलीकडची बलरेषा आणि पलीकडची बलरेषा फुलीच्या आकारात भेटतात, तुटतात आणि आडव्या जोडल्या जातात: अलीकडच्या रेषेचा एक पाय पलीकडच्या रेषेच्या एका पायाला, दुसरा दुसऱ्याला. नव्याने जोडलेल्या या रेषा तीव्र बाकलेल्या असतात आणि ओढून सोडलेल्या धनुष्याच्या दोरीप्रमाणे सरळ होताना त्या आपल्यातील प्लाझ्मा दोन्ही बाजूंना झोतांनी भिरकावून देतात. क्षेत्रात साठलेली ऊर्जा अशा रीतीने कणांच्या गतीत आणि उष्णतेत उतरते.

ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यात पूर्णरूपाने आली नाही. ऑस्ट्रेलियातील रोनाल्ड जिओव्हानेली यांनी चाळिशीच्या दशकात सौर उद्रेकांचा संबंध क्षेत्र शून्य होणाऱ्या बिंदूंशी जोडला. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांनी आपल्या जेम्स डंगी या शिष्याला हाच विचार ध्रुवीय प्रकाशाला लावून पाहण्यास सांगितले. १९५६ साली स्टॉकहोम येथील परिषदेत पीटर स्वीट यांनी पातळ पापुद्र्याचे चित्र मांडले आणि ते ऐकून युजीन पार्कर यांनी त्याचे गणित बसविले. गणितातून निघालेले उत्तर मात्र निराशाजनक होते. सूर्यावर जी ऊर्जा मिनिटांत मोकळी होते तिला या हिशेबाने महिने लागावे. याचे कारण असे की पापुद्रा लांबच लांब आणि अरुंद, आणि सर्व प्लाझ्माला त्याच अरुंद वाटेने बाहेर पडावयाचे. १९६४ साली हॅरी पेटशेक यांनी पापुद्रा आखूड धरून आणि उरलेले काम बाजूच्या आघाततरंगांवर सोपवून वेग वाढवून दाखविला. पुढे संगणकांवरील प्रयोगांनी सिद्ध केले की आयन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या अंतरावर क्षेत्रापासून सुटतात हे लक्षात घेतले म्हणजे वेग आपोआप जमतो. ज्यांच्या जखडण-नियमावर सारी चर्चा उभी होती त्या आल्फवेन यांनी मात्र पुनर्जोडणीची भाषा शेवटपर्यंत स्वीकारली नाही, आणि एवढ्या मोठ्या पंडिताचा विरोध या शास्त्राला बाधला नाही, उलट त्याने त्याला अधिक काटेकोर केले असे मला वाटते.

पृथ्वीच्या बाबतीतला निर्णायक विचार डंगी यांचा. पॅरिसमधील एका कॅफेत बसले असता सुचलेला आणि १९६१ साली दोनच पानांत छापलेला त्यांचा सिद्धांत असा: विषुववृत्ताच्या पट्ट्यात पृथ्वीचे क्षेत्र उत्तरेकडे रोख धरून असते, सौरवाताबरोबर येणारे क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर सूर्याकडील सीमेवर दोन विरुद्ध दिशा भेटतात आणि पुनर्जोडणी होते. तेथे उघडलेल्या रेषा सौरवात ध्रुवांवरून ओढून रात्रीच्या बाजूस, पृथ्वीच्या चुंबकीय पुच्छात नेतो. तेथे त्या दाटतात, पुन्हा जोडल्या जातात, आणि मुक्त झालेली ऊर्जा कणांना पृथ्वीकडे लोटते. त्यांतील ध्रुवांकडे उतरणारे कण प्रकाश उजळतात. उरलेले पृथ्वीला वळसा घालून पश्चिमेकडे वाहणारा एक कंकणाकार प्रवाह वाढवितात, आणि त्या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध पडते. कुलाब्याची मोजपट्टी खाली गेली ती यामुळे. ध्रुवीय प्रकाशाच्या गोंधळापासून दूर आणि चुंबकीय विषुववृत्तावरील दिवसा वाहणाऱ्या तीव्र प्रवाहापासूनही बाजूस असल्यामुळे मुंबई-अलिबागचा पट्टा हा कंकणप्रवाह पाहण्यास फार सोयीचा आहे. कंपनीने तो बंदरासाठी निवडला, पण विज्ञानासाठी निवडावयाचा असता तरी याहून फारसा चांगला सापडला नसता. डंगी यांचे म्हणणे उपग्रहांनी साठीच्या दशकातच पडताळून पाहिले. आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी नासाची चार याने, सुमारे दहा किलोमीटरांच्या अंतराने चतुष्फलकाच्या रचनेत उडत असता, सूर्याकडील सीमेवर इलेक्ट्रॉन ज्या जागी क्षेत्रापासून सुटतात त्या जागेतूनच पार झाली आणि दर ३० मिलिसेकंदांस एक याप्रमाणे इलेक्ट्रॉनांची वाचने घेऊन आली.

एवढी विद्या हाती आल्यावर मग १८५९ ची वही पुन्हा उघडली गेली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि गोन्झालेझ यांनी, याच वेधशाळेचा वारसा चालविणाऱ्या आणि १९७१ पासून स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखीना व अॅलेक्स यांच्यासह, कुलाब्याच्या आकड्यांवरून त्या वादळाचा आलेख जगापुढे मांडला. त्या दिवशी अवकाशात कोणतेही यान नव्हते आणि सूर्याकडून आलेल्या मेघातील क्षेत्र कोणत्या दिशेचे होते हे कोणीही मोजलेले नाही. तरी ते प्रबळ आणि दक्षिणाभिमुख असले पाहिजे असे या वहीवरून मानणे भाग पडते, कारण अन्य मार्गाने एवढी ऊर्जा आत येण्यास वाट नाही. वाद मिटला असे मात्र नाही. कुलाब्याची घट खोल, पण थोडा वेळ टिकलेली. कंकणप्रवाह इतक्या लौकर ओसरत नाही, तेव्हा तीत ध्रुवीय भागाकडून खाली सरकलेल्या प्रवाहांचा वाटा किती, हा प्रश्न अभ्यासकांना पडला, आणि तासाची सरासरी घेतली तर १६०० चा आकडा साडेआठशेच्या आसपास येतो हेही कोणी दाखविले. या वादाच्या निर्णयासाठी २०२२ साली हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच वही पुढे घेतली आणि तोवर कोणी फारसे न वाचलेले तिचे दुसरे दोन रकाने, चुंबकाच्या दिशेचा आणि ऊर्ध्व बलाचा, पहिल्याच्या जोडीला लावून तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला.